तात्पुरतं

गुमरी. मार्च संपत आलाय, छपरावरचं बर्फ
अजून ठरवतंय, जावं की राहावं.
तीन उशा रचून तुला टेकवते, हमाझास्प,
आडवा झालास की छातीत पाणी चढतं.
घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडतो
आणि बराच वेळ
माझ्याकडे बघत राहतो.

ऑक्टोबरात झटका आला तेव्हा तू
काळ्या तुफ दगडाची कड तासत होतास.
छिन्नी सुटली नाही हातातून.
बोटं एकेक करून उलगडावी लागली.

डॉक्टर नुने तरुण आहे, भूकंपानंतर जन्मलेली.
कागदावर तिनं हृदय काढलं, भोपळी मिरचीसारखं,
एक कोपरा काळा केला.
"इथलं रक्त तुटलं, एवढं मेलं.
मग पांढऱ्या पेशी धावत आल्या ढिगारा उपसायला.
यायलाच हव्या होत्या.
मेलेलं उचलायचं, वण शिवायचा, निघून जायचं.
तुमच्याकडे आल्या त्या गेल्याच नाहीत.
अजून खणतायत,
आता चांगल्या भिंती."
दाह, म्हणाली ती.
मी म्हटलं, पण अंगात ताप नाही त्याच्या.
"हा राखेखालचा."

"हृदय मोठं झालंय," असंही म्हणाली.
हे कौतुक नव्हे, एवढं मला कळलं.
तू मात्र गवंड्यासारखं विचारलंस,
"भिंतीला पोट आलंय का?"
ती थांबली. हो म्हणाली.

मग तू हसलास. का, ते मलाच ठाऊक.

अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर, अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं.
त्यानंतर परके लोक आले, कुत्री आणि क्रेन घेऊन,
न कळणाऱ्या भाषांत ओरडत.
तुझ्या आईला त्यांनीच बाहेर काढलं,
कोमट होती अजून.
मग मालगाडीवरून आले हे पत्र्याचे डबे, डोमिक.
दोन वर्षांपुरते, म्हणाले.
त्या दोन वर्षांत आपली मुलगी शाळा शिकली,
लग्न होऊन गेली, तिच्या मुलाचे दुधाचे दात पडले.
पत्र्याला आतून गंज, बाहेरून जर्दाळूची सावली.
दारं दगडांची तू शहरभर बसवलीस,
आपलं अजून कडीला दोरी बांधून.

"त्यांना निघा म्हणणारं औषध नाही?"
"शोधतायत. पण सरसकट हाकललं
तर वण कोण शिवणार?
कुणाला ठेवायचं, कुणाला कधी घालवायचं,
तिथंच अडलंय सगळं."
तोवर लघवीच्या गोळ्या, आणखी दोन गोळ्या,
रोज सकाळी वजन,
मीठ बंद.

रात्री शेगडी विझवते. तू जागाच.
"वार्सेनिक," म्हणतोस,
"त्यांना कुणी सांगितलंच नसेल,
भूकंप संपलाय म्हणून."

हात ठेवते तिथं. आत कुणीतरी
घाईघाईनं, नीट न बघता, उपसतंय.

मिठाची बरणी शेजारच्या आर्शालुइसकडे दिली.
ती म्हणाली, परत कधी नेशील?
म्हटलं, तात्पुरतीच आहे.