पीळ

सहा आठवड्यांसाठी मिळालेली किल्ली,
दारावर चिकटपट्टीने लावलेलं नाव.
काळे हे आडनाव लिहिलं की इथे
पालेभाजी होते एक.
पहिल्या दिवशी तिच्याच नावाने हाक आली
आणि मी ओ दिली.

डरहॅम. खाली नदी, वर चर्चचे घंटानाद,
मध्ये आम्ही एकोणीस जण,
प्रत्येकाच्या पोटात अजून वेगळी वेळ.
विषय: पदार्थांची स्मृती.
वाळू, काच, रबर, चुरगळलेला कागद
दाबला, ताणला, सोडून दिला,
तर त्याच्या लक्षात काय राहतं?

लागोसचा ओबियोरा दिवसाला तीनशे कागद चुरगळतो.
बर्गेनची मारित वाळूला शिकवते:
एवढाच झटका, परत एवढाच, परत.
ग्रेशम सर सत्तरीचे,
व्याख्यानाला उशिरा, चहाला सर्वांत आधी.

दोन आठवडे आम्ही सभ्य होतो.
तिसऱ्यात फळ्यापाशी भांडण पेटलं:
विसरणं हा बिघाड, की तेही कामच?
मारित खडू आपटून नदीकडे गेली,
परतली ती चिखलाच्या बुटांनी,
म्हणाली, माझं चुकलं. पण अर्धंच.

त्याच दिवशी चहापाशी माझ्या तोंडून निसटलं,
सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
मग भाषांतर करता करता घामाघूम.
सुंभ म्हणजे? काथ्याची दोरी.
जळला म्हणजे? पुरता. राख.
मग पीळ राहतो कशात?

आमच्यात हे माणसांबद्दल बोलतात.
आत्याबद्दल बोललेलं मी ऐकलं होतं,
भर लग्नघरात, ती पंगतीत वाढत असताना,
आणि तिच्या हातातली पळी हलली नव्हती.
हे मी सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच की काथ्या बाजारात मिळेल,
बागेच्या सामानात.

शुक्रवारी, मागच्या अंगणात,
केकच्या डब्याच्या झाकणावर वीतभर सुंभ.
पाऊस नव्हता, नुसती ओल लोंबत होती हवेत.
चार काड्या वाया गेल्या. पाचवीला धरला.
अठरा डॉक्टरेट वाकून, श्वास रोखून,
पाळण्यात डोकावावं तसे.
निखारा वळशावळशाने पुढे सरकला
आणि मागे राख, फिकट,
तशीच वळलेली.
ओबियोराने मोजले: अकरा.
जाळण्याआधीही अकराच होते.
कुणीतरी टाळी वाजवली.
तेवढ्या वाऱ्याने सगळं बसलं.

ग्रेशम सर तेव्हा पोचले,
झाकणात बघून म्हणाले, काय होतं हे?
आम्ही सगळे एकदम बोलू लागलो.

शेवटच्या दिवशी किल्ली पेटीत टाकली.
चिकटपट्टी निघाली, रंगाचा एक पोपडा घेऊन.
सोमवारपासून दुसरी माणसं, दुसरा विषय,
शैवालाच्या झोपेबद्दल काहीतरी.
झाकण घासलं मी, दोनदा.
डाग राहिला. आता त्याखाली कुणाचा तरी केक.

स्टेशनवरून आत्याला फोन केला.
काय केलंस गं तिकडे इतके दिवस?
सुंभ जाळला, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त तिच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
बरं. राहिला का?