हरकत

परुळ्याच्या जत्रेत न्हानूबुवा पेटीवर गायले
ते मीच टिपलं होतं, मांडवाच्या खांबाला टेकून.
परवा चढवलं. सकाळी बघतो तर आवाज गायब.
एक मिनिट बारा ते एक मिनिट अठ्ठावन्न :
मालक दुसराच. कुठलीशी कंपनी.

संकासूर यायच्या आधीचे
शेचाळीस सेकंद.

आम्ही फणसाच्या एका फांदीवरून
कुडाळ कोर्टात तीन पिढ्या भांडलेली माणसं.
गडग्याचा दगड सरकला तरी मोजणी, पंच, तलाठी.
इथे नुसतं बटण : हरकत घ्या.
हक्क कशावरून? पर्याय चार,
त्यांत 'गावाला विचारा' नाही.
आणि निकाल देणार कोण,
तर तीच कंपनी. तीस दिवसांत.

बुवांना सांगितलं. सुपारी कातरायची थांबली नाही.
"माका ही चाल बापाशीन दिल्यान.
तेका कोणी, ता इचारूचा र्‍हवला."

मग काय लिहू, म्हटलं, उत्तरात?

अडकित्ता खाली ठेवून
तेच शेचाळीस सेकंद गायले,
मधेच, आजवर कधी न घेतलेली
एक हरकत घेऊन.

"आता जुळता काय बघ."