मंगळवारी समुद्राला सुट्टी असते

आमच्यात जन्मवारच नाव होतो.
मंगळवारची म्हणून मी आराबा,
शुक्रवारचा म्हणून तो फीफी.
आणि केप कोस्टच्या किनाऱ्यावर
मंगळवारी होडी लोटायची नाही, हा जुना दंडक:
त्या दिवशी समुद्राला सुट्टी असते.

मला नसते.
शेवटच्या वर्षाच्या या मंगळवारी, पहाटे सहाला,
मी अजून वसतिगृहाची अध्यक्ष आहे
आणि तिसऱ्या मजल्यावर अजून पाणी चढत नाही.

चढेल, असं मीच म्हटलं होतं,
आंब्याखाली खुर्चीवर उभी राहून,
भोंगा उलटा धरून.
फीफीने गर्दीतून हाताने खूण केली: फिरव, फिरव.
सगळे हसले. त्या हसण्यावर तू निवडून आलीस, तो म्हणायचा.
मी म्हणायचे, मुद्द्यांवर.
प्रेम बहुधा तिथेच कुठेतरी सुरू झालं.
तारीख सांगता येणार नाही,
त्या सभेचं इतिवृत्त कुणी लिहिलं नाही.

मग हरमाटानचा वारा आला. ओठ फुटले, नळ आटले.
आम्ही कुलसचिवांच्या दारात ठाण मांडलं,
दोनशे बादल्या पालथ्या घालून बडवल्या.
तिसऱ्या दिवशी मला एकटीलाच आत बोलावलं.
गार खोली. चहा. एक कागद:
तळमजल्यावर एक टाकी, उरलेलं पुढच्या वर्षी.
ते दाब, व्यास, पंपाची ताकद असं काही सांगत होते
आणि मी मान डोलावत होते.
सही केली.

बाहेर मान्सा उभी होती. खोली तीनशे चौदा, गुडघा अधू.
"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "आपण इथे असू का गं?"
एवढंच. नंतर ती
भरलेली बादली घेऊन जिना चढताना दिसली की
मी नोटीस बोर्ड वाचत उभी राहायचे.
मीच लावलेल्या नोटिसा.

कुमासीला जायचंय, पाण्याचं शास्त्र शिकायला.
अर्जात लिहिलंय: समाजाची सेवा करण्यासाठी.
खरं कारण त्याहून लहान आहे.
पुढच्या वेळी कुणी दाब म्हटलं, व्यास म्हटलं,
तर मला "थांबा" म्हणता आलं पाहिजे.

शुक्रवार आमचा ठरलेला होता.
केंकी, तळलेला मासा, भरपूर मिरचीचा ठेचा,
बस थांब्यामागच्या बाकावर.
एका शुक्रवारी मी पाइपांच्या बैठकीत.
नऊला त्याचा निरोप: मासा गार झाला.
दहाला: मांजराने नेला.
अकराला काहीच नाही.
भांडला नाही तो. आठवड्याने एवढंच म्हणाला,
"सभा संपताना तू सगळ्यांना विचारतेस,
कुणाला काही प्रश्न?
मला एकदाही विचारलं नाहीस."

आता तो ताकोराडीच्या बंदरात उमेदवारी करतो.
माझ्याकडे त्याची एक छत्री राहिली आहे.

दुपारी अजोआला सूत्रं दिली. दुसऱ्या वर्षाची पोर,
डोळ्यांत नुसती आश्वासनं.
टाकीची किल्ली, वहीतला हिशेब, भोंगा.
मोठं भाषण तयार होतं माझं.
प्रत्यक्षात म्हणाले, "याचं तोंड या बाजूला.
आणि एकटीने आत जाऊ नकोस. मान्साला घेऊन जा."

मग किनाऱ्यावर उतरले.
होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या,
आणि फीफीचे मामा पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
फाटलेलं सांधत बसलेले.
"या, अध्यक्षबाई," म्हणाले, आणि एक टोक माझ्या हातात दिलं.
फीफीचं मी काही विचारलं नाही,
त्यांनीही काही सांगितलं नाही.

गाठ मला जमत नाही.
ते दातांनी सोडवतात, पुन्हा देतात.
पुन्हा चुकते.
"अगं, ओढू नकोस," ते म्हणतात,
"आज कुठे जायचंय कुणाला."