ड्रायव्हर सापडत नाही

बर्नलीच्या वाचनालयात मंगळवारी दुपारी
प्रिंटरचं घोडं पुन्हा अडलं.

विंडोज म्हणतं, ऑफलाइन आहे;
समोर हिरवा दिवा ढळढळीत जळतोय, तरी.
मॅकला तो दिसतो,
पण पानभर उमटते अशी लिपी
की मोडी वाचणारेही हात टेकतील.
माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स:
त्यानं काही न विचारता छापलं,
फक्त आडवं.

मी जुना ड्रायव्हर मुळासकट काढला,
नवा उतरवला, यंत्र बंद-चालू केलं.
पडद्यावर तेच:
ड्रायव्हर सापडत नाही.

ऑलरेनशॉ आजोबांनी मान वर केली.
एकतीस वर्षं बस चालवलेली.
"कुठल्या रूटचा?"

रांगेत त्यांचंच पत्र अडकलं होतं:
टेकडीवर जाणारी संध्याकाळची बस
बंद करू नका, म्हणून.

पाचाला दहा कमी असताना
(नेमकं काय केलं, मलाही ठाऊक नाही)
यंत्राला कंठ फुटला.
दुपारपासून जितक्यांदा बटण दाबलं
तितकी पत्रं. अकरा. कोमट.

मी माफी मागायला वळले.
ते अंगठ्याला थुंकी लावून मोजत होते,
दिवसाचा गल्ला मोजावा तसे.
"नगरसेवक किती आहेत गं आपले?"