नुसते हात

यादी आणली होती तुळसाबाईंनी,
लाईटबिलाच्या पाठीवर, धाकट्याच्या अक्षरात:
पोरीला थोडी उजळ करा.
जावयाच्या मानेवरचा डाग काढा.
मागं हॉलचा कन्नड बोर्ड अर्धाच आलाय,
पुरा तरी करा, नाहीतर काढा.
अक्षता पडताना लाईट गेल्ती, तेवढी आणा.

तेवढी आणा!
अनगोळच्या माडीवर, पत्र्याखाली,
एका पंख्याच्या आणि एका माऊसच्या जोरावर.

मी चहा सांगितला. मग सांगत बसले.
मावशी, कॅमेऱ्यात जे उतरलं
तेवढ्यापुरतंच माझं चालतंय.
मिटलेले डोळे उघडतात,
शेजारच्या फोटोत ते उघडे असले तर.
हललेला चेहरा थांबत नाही.
बोर्डाची राहिलेली अक्षरं मी लिहिली
तर ती माझी अक्षरं होतील, हॉलची नव्हेत.

त्या म्हणाल्या, होतंय तेवढं करा की ओ.

रेणुकाचा रंग भुईमुगाच्या सालीचा.
उजेड जरा वर ओढला
की पहिली हळद मरते,
मग हिरवा चुडा, मग कपाळावरची मळवट.
अजून थोडा ओढला तर
पावडरच्या डब्यावरची बाई राहते,
तिचं लग्न लागलंय की नाही, काही कळत नाही.
मी ओढलेलं परत खाली आणलं.
एक मुरूम तेवढा पुसला, तो पाहुणाच होता,
आठ दिवसांत आपला आपण गेला असता.

जोतिबाच्या मानेवर उद्यमबागेतला डाग,
ओतकामात उडालेल्या थेंबाचा.
दोन मिनिटांत गेला.
गेल्यावर मान कुणाचीही झाली.
त्यालाच फोन लावला.
मागं भट्टी घुमत होती, तो ओरडून म्हणाला,
राहू दे ओ ताई,
उद्या माझी पोरं विचारतील, ह्यो कोण उभारलाय आईशेजारी?

लाईट गेलेला फोटो शेवटी घेतला.
अंधार उचलत गेले
तसे त्यात दाणे उमटले,
राखाडी, जांभळे, हजारांनी.
कुठला कॅमेऱ्याचा आणि कुठला तांदळाचा,
मलाही निवडता येईना.

घेऊन जायच्या दिवशी
तुळसाबाई जिन्यात थांबल्या.
यादीत नव्हतं ते हळूच बोलल्या:
पान सातवर आमचा परशा आलाय. माझा भाऊ.
सांबऱ्याच्या तुकड्याची कोर्टात तारीख आहे पुढल्या मंगळवारी.
त्याला काढा.

काढला.
आंतरपाटाचं एक टोक भटजींच्या मुठीत,
दुसरं टोक
वाऱ्यावर, कुणीच न धरलेलं,
आणि तरी ताठ.

बराच वेळ बघत राहिल्या.
खाली भाजीवाला आधी मराठीत, मग कन्नडमध्ये ओरडून गेला.
मी म्हटलं, कापड पण काढू?
मग नवरा-नवरी समोरासमोर येतील,
मुहूर्ताच्या आधीच.

छे छे, म्हणाल्या.
पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली
आणि विचारलं,
नुसते हात ठेवता येतात काय?

येतात.
बाहीच्या घडीपाशी कापायचं,
मागं झेंडूची माळ पुढं सरकवायची.
मनगटाला जत्रेतला काळा दोरा,
उजव्या अंगठ्याला नख नाही.
कडब्याच्या मशीनचं ते, त्या म्हणाल्या,
मीच चालवत होते, नऊ वर्षांची होते.

नख काही मला लावता आलं नसतं,
आणि त्यांनी सांगितलंही नाही.

बाराशे ठरले होते, अकराशे दिले,
शंभर पुढल्या बाजाराला म्हणाल्या.
अल्बम पिशवीत घालताना
सातवं पान परत एकदा काढून बघितलं
आणि खालच्या पायरीवरून म्हणाल्या,
दोरा जरा उजळ करायला पाहिजे होता.