टोपीबाहेर

पहाटे पाचला श्रीनिधी मोबाइल माझ्या उशाला टेकवते.
तिकडे कालची संध्याकाळ अजून संपायची आहे,
इकडे अशोक चौकात पहिला माग खडखडायला लागलाय.
"ताता, तुम्ही हिशेबातले. हे समजावा मला."
आणि बत्तीस पानांची नियमावली
बोटानं वर, वर, अजून वर.

चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मस्टर लिहिलं मी.
फुटबॉल कळत नाही.
कोण कुठल्या रकान्यात बसतो, ते कळतं.

तर ऐक.
एका संघात तीस नावं.
वरच्या वीस जणांचे पगार एका टोपीखाली मावले पाहिजेत.
खालची दहा टोपीबाहेर,
पोरसवदा, स्वस्त, बाकावर बसून पाणी पिणारी.
"कॅप म्हणजे आपली टोपीच?"
टोपीच. घालतात ती.
ती हसली. म्हणजे मराठी येतं पोरीला.

मग तिघं खास.
मिळतात वीस कोटी, वहीत लागतात पाच.
"मग उरलेले पंधरा कुठं गेले बे?"
मैदानावरची सवय; लगेच जीभ चावते.
कुठं जात नाहीत. मालक खिशातून देतो,
वही फक्त तिकडं बघत नाही.
आमच्या मॅनेजरचा पगार असाच पुण्याहून यायचा.
माझ्या मस्टरवर त्याचं नाव एकदाही उमटलं नाही,
गाडी मात्र रोज फाटकात.

शिवाय एक पैसा आहे, जो पैसा नाही.
त्यानं मोठा पगार खरवडून लहान करता येतो,
दुसऱ्या संघाला विकता येतो, पुढच्या साली नेता येतो,
फक्त त्याची पावशेर शेंगाचटणी येत नाही.
इथं मी दोनदा अडकलो.
कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारल्या, चहा निवला.
"कँटीनचं कूपन, ताता."
बरोबर. कूपन.

ताळा जुळला. मी पेन्सिल कानावर ठेवली.
तेव्हा ती म्हणाली,
"मग सत्तावीस नंबर?
डावा बचाव, माझ्याच जागेवर खेळतो.
अकरा सामने, एक चूक नाही. काल काढला त्याला."

पान एकोणीस, पोटकलम चार.
बारावा सामना खेळला असता
तर पुढच्या वर्षीचा करार आपोआप पक्का,
आणि नाव टोपीखाली.
टोपीत जागा नव्हती.
"म्हणजे वाईट खेळला म्हणून नाही?"
नाही.
"चांगला खेळला म्हणून?"

मी चष्मा पुसला. स्वच्छच होता.

बदली कामगाराचे दोनशे चाळीस दिवस भरले
की त्याला सहज काढता येत नाही.
म्हणून दोनशे अडतिसाव्या दिवशी
त्याच्या नावापुढे मी लाल शाईनं लिहायचो: खंड.
गज्जम राजेशम. चार माग एकटा सांभाळायचा,
काठ कधी तिरका गेला नाही.
सहा वर्षं, सहा खंड, माझ्याच अक्षरात.
अक्षराचं कौतुक व्हायचं माझ्या.
दर वेळी खिडकीशी यायचा, डोक्यावर सुताचा पांढरा भुसा,
"चिलवेरी साहेब, काय चुकलं?"
काही नाही. नियम आहे.
सातव्या वर्षी भिवंडीला गेला म्हणे.
सुरतेला, असंही कुणी म्हणालं.

यातलं तिला एवढंच सांगितलं:
बदलीवर होता तो, तुझा सत्तावीस नंबर.
"मग आता?"
आता दुसऱ्या कुठल्या संघाच्या यादीत नाव लागतं का, बघायचं.
ती बूट पिशवीत कोंबून मैदानावर गेली.
दार उघडंच ठेवून, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत
मोबाइल माझ्या हातात.
एकेक संघाची यादी, बोटानं वर, वर.
नाव अवघड आहे, मधली अक्षरं चुकतात,
परत पहिल्यापासून.

गज्जमचं मला न बघता लिहिता यायचं.