पाठ टेकेल इतकं

चाळीस उन्हाळे या शहराला गार करण्यात गेले.
इतवारीतून पत्रा आणायचा, कापायचा, ठोकायचा,
पाट्यांत गवत भरायचं, पंप बसवायचा.
मे महिन्यात लोक देवासारखी वाट बघायचे माझी
आणि जूनमध्ये पैसे द्यायचं विसरायचे.

डिसेंबरात दुकानाला काम नसतं.
अशाच एका दुपारी गजभियेंची पौर्णिमा आली,
हातात उशीचा अभ्रा, तोंडाशी गाठ.
काका, म्हणाली, कूलरची एक जुनी बॉडी द्या.
गार नाही करायची. गरम करायची आहे.

अभ्र्यात अजगर होता.
आपल्या रानातला नाही, आफ्रिकेकडचा,
मनगटाएवढा, सरकारी कागदांसकट.
मामाची बदली झाली, तो हिच्याकडे ठेवून गेला.
गाठ सोडली तर त्यानं डोकं आत ओढलं
आणि अंगाचं मुटकुळं करून बसला,
घट्ट, फडक्याखाली झाकलेल्या कणकेसारखा.
महिना झाला, खाल्लं नाही त्यानं.

काऊन गं पोट्टे, बिमार आहे काय?
नाही काका. लाजतो.
मामाकडे चारी बाजूंनी काच होती,
आला-गेला टिचकी मारून बघायचा.

मग माझं सगळं काम उलटं झालं.
जिथे खिडक्या कापायचो तिथे पत्रा चढवला,
बाहेरून थर्माकोल, आतून प्लाय,
कडा कानशीनं घासघासून गुळगुळीत केल्या.
गवत देतो म्हटलं, ती नको म्हणाली, टोचेल,
नारळाचा भुसा अंथरला बोटभर.
एका टोकाला गादीखाली तापणारी चटई,
बत्तीसला बंद, खाली आलं की चालू.
दुसरं टोक तसंच, थंडाव्याचं.
पाण्याची वाटी जड, कारण तो उलथतो म्हणे.
ओलावा किती, ते मला नाकानं कळतं,
तरी तिनं काटा लावलाच.

राहिली लपायची जागा.
मी घरून फुटका माठ आणला, अर्धा,
आतून छान ऐसपैस.
तिनं उचलला, परत ठेवला.
मोठा आहे काका.
मोठा तर चांगला ना?
नाही. त्याची पाठ टेकली पाहिजे. सगळीकडून.

आयुष्यभर गिऱ्हाईक म्हणायचं, अजून मोठा द्या, अजून हवा.
लहान द्या म्हणणारी ही पहिली.

लाखांदूरहून आलो तेव्हा चौदाचा होतो.
सेठनं सांगितलं, दुकानातच झोप.
एवढं मोठं दुकान, रस्त्यावरचे ट्रक, शटरखालून उजेड.
डोळा लागेना.
शेवटी एका रिकाम्या कूलरमध्ये शिरलो,
गुडघे हनुवटीला, पाठ पत्र्याला.
सकाळी सेठनं मला तिथे बघितलं
आणि काही बोलला नाही. शटर हळू उघडलं, एवढंच.

कुंभाराकडून दोन मडकी आणली, लहान, एकसारखी.
तोंडं तीन बोटं रुंद केली.
एक उबेत, एक थंडाव्यात,
म्हणजे ऊब पाहिजे म्हणून
लपणं सोडायला नको.

आठ दिवस कोणी हात लावायचा नाही असं ठरलं.
समोरच्या काचेवर तिच्या आजोबांचा टॉवेल.
पाचव्या रात्री दोनला लाइट गेली, पारा सातवर,
आणि पोरीचा फोन.
मी स्वेटरवर स्वेटर घालून गेलो.
गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घातल्या,
खोक्यावर गोधडी टाकली,
आणि दोघं बसून राहिलो पहाटेपर्यंत,
आत काय चाललंय ते न बघता.

संक्रांतीनंतर ती दुकानात आली.
खाल्लं, म्हणाली. एवढंच. मग हसली.
बघायला गेलो तर बघण्यासारखं काही नव्हतं.
भुशावर एक वळणाची रेघ,
वाटी सरकलेली,
मडक्याच्या तोंडाशी काळोख, त्यात कदाचित नाक.
मी वाकलो नाही.

पैसे अर्धे दिले तिनं.
बाकीचे मे महिन्यात, म्हणाली,
तेव्हा या ना काका,
सेहेचाळीस होईल, हेच खोकं गार करावं लागेल.

हो बाप्पा, म्हटलं.
ते येतं मला.